कोयत्यामागची बाई कुठल्या वहीत?

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड मजुरांचा हिशेब माणसांत नव्हे, कोयत्यांत होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम आगाऊ उचल देतो ती नवऱ्याच्या हाती. बायकोचे नाव बहुधा कुठल्याच वहीत नसते. म्हणून नुसती दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकाला जवळपास निम्मे मजूर दिसतच नाहीत. मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन बाईला वेगळे विचारावे लागते.

तसे विचारल्यावर काय हाती लागते, ते २०१९मध्ये कळले. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत बीडमधील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, ही धास्ती त्यामागच्या कारणांपैकी एक.

या मजुरांची दखल घेण्यात कायद्याची तऱ्हा आणखी निराळी. १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा फक्त आंतरराज्यीय होता. बीडची टोळी बेळगावला गेली तर त्यात बसे, कोल्हापूरला गेली तर नाही! त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या कामगार संहितेतही राज्याच्या सीमेची अट कायम आहे. वर या तरतुदी लागू होण्यासाठी लागणारी कामगारांची किमान संख्या ५ वरून १० झाली.