लेझीम का अडखळले?



२६ जानेवारीची सकाळ होती. कोयनानगरला स्वच्छ ऊन पडले होते. शाळेच्या मैदानावर दहावीच्या मुलामुलींचे लेझीम झाले आणि माझ्या भाच्याने ते डिजिटल कॅमेऱ्याने टिपले. घरी येऊन ते लावले मात्र, त्याचा चेहरा पडला. चित्र लख्ख होते, प्रत्येक जण ओळखू येत होता. पण हात सरळ खाली येण्याऐवजी उड्या मारीत येत होते. हलगी तालात आणि लेझीम अडखळते! "मामा, कॅमेरा बिघडला का हो?" त्याने विचारले.

प्रथम आम्ही एक साधी परीक्षा केली. कधी कधी चित्रण चांगले असते, पण जुन्या संगणकाला ते पुरेशा वेगाने दाखवता येत नाही. म्हणून तेच चित्रण कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. धक्के तेथेही होते. म्हणजे दोष चित्रणातच होता. तो कसा आला, ते आता पाहू.

चलच्चित्र म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. दोन चित्रांमधली हालचाल कोठेच नोंदलेली नसते. ती आपला मेंदू जुळवून घेतो. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत झळकला, तेव्हा कॅमेरा दांडा फिरवून चालवीत आणि सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत. बोलपट आल्यावर ही संख्या २४ ठरली. आपल्याकडे दूरदर्शनसाठी ती २५ आहे.

पण चित्रांची संख्या ही अर्धीच गोष्ट झाली. प्रत्येक चित्रासाठी शटर किती वेळ उघडे राहते, हे तितकेच महत्त्वाचे आहे. थोडे गणित करू. लेझीम खेळणाऱ्याचा हात सेकंदाला ४ मीटर वेगाने फिरतो असे समजा. सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत हात १६ सेंटिमीटर सरकतो. शटर १/५० सेकंद उघडे असेल, तर त्या अवधीत हात ८ सेंटिमीटर सरकेल आणि चित्रात तेवढा पुसट पट्टा उमटेल. निम्मी वाट पट्ट्याने भरली. उरलेली मेंदू सहज भरून काढतो. शटर १/२००० सेकंदच उघडे असेल, तर हात केवळ २ मिलिमीटर सरकेल. चित्र रेखीव येईल, पण पुढच्या चित्रापर्यंत जवळजवळ १६ सेंटिमीटर वाट रिकामी राहील. ही रिकामी वाटच आपल्याला धक्क्यासारखी जाणवते.

जुन्या चित्रपट-कॅमेऱ्यात अर्धी कापलेली चकती फिरत असे. त्यामुळे प्रत्येक चित्राच्या वेळेपैकी निम्मा वेळच फिल्मवर प्रकाश पडे. आजच्या कॅमेऱ्यात चित्रण करताना बहुधा चकती नसते, संवेदक तेवढा वेळ प्रकाश मोजतो. पण निम्म्याचा हा नियम अजून उपयोगी पडतो. २५ चित्रांना १/५० सेकंद, ही जोडी लक्षात ठेवा.

आता भाच्याच्या कॅमेऱ्याची 'चूक' कळेल. तो स्वयंचलित होता. ऊन लख्ख, म्हणून चित्र पांढरेफटक पडू नये यासाठी त्याने शटरचा वेळ अगदी कमी केला. उपाय असा : शटर १/५० वर कायम करावे. १/२००० च्या मानाने हा वेळ ४० पट आहे, म्हणून आत येणारा प्रकाशही तितकाच कमी करायला हवा. आय.एस.ओ. सर्वांत कमी ठेवावा, भिंगाचे छिद्र लहान करावे आणि तरी भागले नाही, तर भिंगापुढे एन.डी. फिल्टर नावाची करडी काच लावावी. तिचा एक प्रकार ३२ वा हिस्साच प्रकाश आत सोडतो.

पावसाळ्यात कोयनानगरला नेमके उलट घडते. १५ ऑगस्टला आभाळ काळोखून आले, की स्वयंचलित कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवू पाहतो. पण सेकंदाला २५ चित्रे घ्यायची, तर १/२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळणारच नाही. मग काही कॅमेरे चित्रेच कमी करतात. ती १५ झाली, तर आपला हात दर चित्राला सुमारे २७ सेंटिमीटर उडी घेईल. तेव्हा चित्रसंख्या २५ वर पक्की करावी आणि आय.एस.ओ. वाढवावा. चित्र थोडे खरखरीत दिसेल, पण चाल सुधारेल.

कॅमेरा आडवा फिरवतानाही घाई नको. चित्राच्या रुंदीत १९२० बिंदू आहेत असे समजा. शिवसागराच्या काठावरचे एखादे झाड चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २ सेकंदांत गेले, तर ते दर चित्राला ३८ बिंदू उडते. ७ सेकंद घेतले, तर फक्त ११.

१/५० चा आणखी एक फायदा आहे. कोयनेचे पाणी पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जी वीज निर्माण करते, ती सेकंदाला ५० आवर्तनांची असते. त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/५० सेकंदात अशी बरोबर दोन स्पंदने मावतात. म्हणून प्रत्येक चित्रात सारखाच उजेड येतो आणि सभागृहातले चित्रण लुकलुकत नाही.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. दोरीला चेंडू बांधून उन्हात झुलवा. एकदा स्वयंचलित रीतीने आणि एकदा १/५० सेकंदावर त्याचे चित्रण करा. मग दोन्ही थांबवून एकेक चित्र पाहा. जे स्थिर चित्र अधिक रेखीव, तेच चालताना अडखळते, असे आढळेल.

दहावीची ती मुले पुढे निरनिराळ्या गावी पांगली. तो लेझीमचा खेळ काही पुन्हा होणार नाही. संगणकाच्या साहाय्याने मधली चित्रे घालता येतात, पण तो अंदाज असतो, नोंद नव्हे. म्हणून जे एकदाच घडणार आहे, त्याच्या आदल्या दिवशी चेंडू झुलवून कॅमेरा तपासावा. माझा भाचा आता तसेच करतो.