आळेफाट्याच्या चौकातली सायकल
आण्याहून येणारा नगर-कल्याण रस्ता आळेफाट्याला पुणे-नाशिक महामार्गाला छेदतो. कांद्याचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, एसटी यांच्या गर्दीत सायकलस्वार सर्वांत दुबळा. गोलाकार चौकात आपल्याकडे वाहने घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, मग शिरावे. उजवीकडचा रस्ता धरायचा असेल तर मागे पाहून उजवा हात खांद्याच्या रेषेत दोन-तीन सेकंद सरळ धरावा आणि लेनच्या मध्यावर यावे. कडेला चिकटून राहिले की वाहने आडवी वळतात. आपल्या आधीचा फाटा मागे पडला की बाहेर पडण्यासाठी डावा हात. पुढे खड्डा दिसला तर दोन्ही हात हँडलवरच बरे, म्हणून इशारा आधीच उरकावा. ट्रॉलीच्या डाव्या बाजूला मात्र कधीही घुसू नये: वळताना तिची मागची चाके आत कापतात आणि चालकाला तिथले दिसत नाही. धीर होत नसेल तर खुशाल उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी. त्यात कमीपणा नाही.