परदेशातील निवृत्तिनिधी आणि दोन देशांचा कर

अमेरिकेत उमेदीची वर्षे नोकरीत घालवून पुणे, नागपूर वा कोल्हापूर येथे कायमच्या वास्तव्यासाठी परतलेल्या व्यक्तीची एक ठेव बहुधा तिकडेच राहिलेली असते. दरमहा वेतनातून कापलेली रक्कम आणि बहुतेक ठिकाणी मालकाने घातलेली भर यांतून साचलेला हा निवृत्तिनिधी होय. १९७८ च्या तेथील महसूल कायद्याने घातलेल्या तरतुदीवरून त्यास '४०१ (के)' हे नाव पडले. आपल्याकडील भविष्यनिर्वाह निधीशी त्याचे साम्य आहे. मात्र अमेरिकेत सर्वसाधारणपणे या निधीवर कर लागतो तो पैसा काढतेवेळी. साडेएकोणसाठ वर्षे वयाच्या आत पैसा काढल्यास, काही अपवाद सोडून, दहा टक्के जादा कर द्यावा लागतो.

भारतीय कायद्याची दृष्टी वेगळी आहे. येथील सामान्य निवासी व्यक्तीचे जगभरातील उत्पन्न ज्या वर्षी उपार्जित झाले, त्याच वर्षी करपात्र ठरते. त्यामुळे खात्यातील व्याज व लाभांश हाती न येताही त्यांवर येथे कर भरावा लागे. पुढे पैसा काढल्यावर अमेरिका कर घेई. परंतु तोवर भारतातील कराचे वर्ष मागे पडलेले असल्याने त्या कराची वजावट येथे मिळणे दुरापास्त होई. एकाच पैशावर दोनदा कर बसे, तोही दोन्ही देशांचे कायदे तंतोतंत पाळल्यामुळे!

उभय देशांत १९८९ साली झालेला, दुहेरी कर टाळण्याचा करार येथे सर्वस्वी उपयोगी पडत नाही. खाजगी नोकरीच्या निवृत्तिवेतनावर कर आकारण्याचा अधिकार या कराराने निवासाच्या देशास दिला आहे खरा. पण निवृत्तिवेतन म्हणजे ठराविक कालांतराने मिळणारी रक्कम, अशी व्याख्याही त्यातच आहे. संपूर्ण निधी एकरकमी उचलणाऱ्यास तिचा आधार घेणे कठीण जाते. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेतील वेतनावर मात्र कर घेण्याचा अधिकार केवळ अमेरिकेचाच. शिवाय तेथील नागरिकत्व घेतलेल्यांवर कर बसविण्याचा आपला हक्क त्या देशाने राखून ठेवला आहे.

काळाची ही विसंगती दूर करण्यासाठी २०२१ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ८९-अ घातले. २०२५ च्या नव्या अधिनियमातही ही सवलत ठेवण्यात आली आहे. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा हे देश तिच्यासाठी अधिसूचित झाले. अनिवासी असताना आणि त्या देशात राहत असताना ज्याने खाते उघडले, त्याने विवरणपत्राच्या मुदतीत विहित नमुन्यात विकल्प दिला की, भारतातील करही पैसा काढण्याच्या वर्षीच लागतो. अनिवासी असतानाच्या काळात उपार्जित झालेले उत्पन्न त्यातून वगळले जाते.

समजा, एखाद्याने दहा लाख रुपयांइतकी रक्कम काढली आणि अमेरिकेत तीस टक्के, म्हणजे तीन लाख रुपये कापले गेले. त्याच उत्पन्नावर भारतातील कर दोन लाख होत असेल, तर वजावट दोन लाखांपुरतीच मिळते. उरलेला एक लाख येथून परत मिळत नाही. तिकडे कर भरला की हिशेब मिटला, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

परतल्यानंतरची पहिली वर्षे या दृष्टीने मोलाची असतात. दीर्घकाळ परदेशी राहिलेली व्यक्ती साधारणतः दोन-तीन वर्षे 'सामान्यतः निवासी नसलेली' गणली जाते. त्या अवधीत काढलेली रक्कम प्रथम परदेशी बँकेत स्वीकारल्यास तीवर भारतात कर लागत नाही. अमेरिकेचा कर अर्थात चुकत नाही. पुष्कळांना ही मुदत संपल्यावरच तिची माहिती होते.

विकल्प एकदा दिला की तो मागे घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. उतारवयात मुलाबाळांकडे पुन्हा परदेशी जाऊन एखादी व्यक्ती अनिवासी ठरली, तर तिने विकल्प कधी दिलाच नव्हता असे मानले जाते; आणि विकल्प दिल्यापासून मधल्या साऱ्या वर्षांचे साचलेले उत्पन्न, ती अनिवासी होण्याच्या लगतपूर्वीच्या वर्षात एकदम करपात्र होते.