टाकीत पाणी येतं कुठून?

२०१४मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल होतं जेमतेम दीड टक्का. जून २०२२मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं, २०२५मध्ये २० टक्क्यांवर. आता पावसाळाभर उभी राहिलेली मोटरसायकल सुरू झाली नाही की खापर ठरलेलं: इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ओढतं, हे खरं. किती, ते मोजू.

इथेनॉल नसलेल्या लिटरभर पेट्रोलमध्ये पाणी विरघळतं सुमारे ०.२ मिलिलिटर. १० टक्के इथेनॉल असेल तर १५ अंशांना सुमारे ५ मिलिलिटर. २० टक्के असेल तर त्याहून जास्त. ही मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यासोबत तळाशी बसतं. इंजिनाला पेट्रोल जातं तेही तळातूनच.

टाकी १२ लिटरची, निम्मी भरलेली धरा. वरची ६ लिटर हवा ३० अंशांना पूर्ण दमट असली, तरी तिच्यात पाणी ०.१८ ग्रॅम. खालच्या ६ लिटर पेट्रोलचे थर वेगळे व्हायला, १० टक्क्यांचा कडक हिशेब लावूनही, ३० ग्रॅम हवं. म्हणजे टाकीतली हवा दीडशेहून अधिक वेळा बदलायला हवी. दिवसरात्रीच्या १० अंशांच्या फरकाने रोज तीनेक टक्के हवा आतबाहेर होते. झाकण घट्ट असेल तर अख्ख्या पावसाळ्यात ती चारेक वेळा बदलेल, बस्स.

उलट ३० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे पाणी. झाकणाजवळचं निचऱ्याचं भोक चिखलाने बुजलं, रबर चिरलं, की एवढं पावसात सहज उतरतं. मी तरी आधी झाकण तपासेन.

इथेनॉल अगदी निर्दोष नाही. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, आणि लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी असल्याने २० टक्के मिश्रणाच्या ऊर्जेत ६ ते ७ टक्क्यांची घट येते. पण ठेवलेलं पेट्रोल इथेनॉलशिवायही शिळं होतं: हलके घटक उडतात, उरलेल्यात चिकट राळ धरते. मोटरसायकलसारखंच कोकणातलं ग्रास कटरही वर्षातले बरेच महिने पडून असतं. कार्ब्युरेटरमधल्या चमचाभर पेट्रोलची राळ जेटचं बारीक भोक बुजवायला पुरते. त्यामुळे हंगाम संपला की टाकी रिकामी करून, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.