आवृत्ती ४.१ जुनी आणि २४.२ नवी? आकड्यांवर जाऊ नका!

माजरी जंक्शनवरून एक रूळ बल्लारशाहकडे जातो, दुसरा वणीकडे. फाटा फुटल्यावर दोन्ही मार्गांचे किलोमीटर एकमेकांशी ताडून उपयोग नसतो. सॉफ्टवेअरचंही तसंच.

२०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिब्रेऑफिस फुटलं. त्याची पहिली आवृत्ती १.० नव्हे, थेट ३.३ होती, कारण कोड जुनाच पुढे चालू होता. २०२४ पासून त्याचे आकडे वर्ष आणि महिना सांगतात: २४.२ म्हणजे २०२४ चा दुसरा महिना. ओपनऑफिस मात्र २०१४ मध्ये सुरू झालेल्या ४.१ मालिकेतच किरकोळ दुरुस्त्या करत राहिलं.

म्हणजे २४ हे ४ च्या सहापट चांगलं, असा हिशेब चुकीचा. डाउनलोड करण्याआधी शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा. सुरक्षेतली भोकं अपडेटनेच बुजतात.