मेणबत्ती विझली, तरी ऑक्सिजन उरतोच

ताटात पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती आणि तिच्यावर उपडा घातलेला काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढते आणि वर्गात उत्तर तयारच असते: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. बायझँटियमच्या फिलोने सुमारे २२०० वर्षांपूर्वी नोंदवलेला हा प्रयोग आजही हौसेने केला जातो. हे उत्तर मात्र चुकीचे आहे.

बंद ग्लासातला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १६ टक्क्यांवर आला, की ज्योत विझते. शिवाय जितका ऑक्सिजन खर्च होतो, त्याच्या जवळपास दोन तृतीयांश आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात सावकाश विरघळतो. मग पाणी चढते कशाने? मुख्यतः उष्णतेने. ग्लास उपडा घालताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, काही तर काठाखालून निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी वर खेचले जाते. खात्री करायची तर पाण्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे, म्हणजे निसटणारे बुडबुडे नजरेत भरतात. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावून पाहाव्यात. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढते!

ऑक्सिजन मोजायचाच असेल, तर मांडणीतून ज्योत काढून टाकावी.

लांब परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात चिमूटभर लोहकीस भुरभुरावा, न चिकटलेला झटकून टाकावा आणि नळी पाण्याच्या चंचुपात्रात उपडी उभी करावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन शोषून घेते आणि कोणताही वायू सोडत नाही. स्वयंपाकघरातली स्टेनलेस स्टीलची घासणी इथे कुचकामी, कारण ती गंजतच नाही. शेजारी लोहकीस न घातलेली दुसरी नळी हवीच. खोलीच्या तापमानामुळे पातळी किती हलली, ते तीच सांगते. बहुतेक वर्गांत नेमकी हीच नळी गाळली जाते.

पातळी वाचण्यापूर्वी नळी वरखाली करून आतले आणि बाहेरचे पाणी एका रेषेत आणावे, नाहीतर आतल्या हवेचा दाब बाहेरच्या इतका राहत नाही आणि मोजमाप चुकते. घाई मात्र चालत नाही. शनिवारी मांडलेली नळी सोमवारी पाहावी; पाणी थांबलेले नसेल, तर आणखी एक-दोन दिवस द्यावेत. चढणे पूर्ण थांबल्यावर नळीचा जवळपास पाचवा भाग पाण्याने भरलेला दिसतो.