राहिलेला पर्याय

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत पुस्तकातला दुसराच धडा म्हणजे एक खेळ. संगणकाने १ ते १०० मधला एक आकडा मनात धरायचा आणि आपण तो ओळखायचा. आपला अंदाज त्या आकड्याशी ताडून पाहिला की उत्तर येतं लेस, ग्रेटर किंवा इक्वल. चौथं उत्तर नाहीच. असे मोजके पर्याय नावानिशी सांगून बांधलेला टाइप म्हणजे एनम.

कुठल्या उत्तराला काय करायचं, ते ‘मॅच’ नावाच्या रचनेत एकेका ओळीत लिहिलेलं असतं. आता त्यातली इक्वलची ओळ मुद्दाम खोडा. ‘लहान आहे’, ‘मोठा आहे’ एवढंच ठेवा. प्रोग्राम सुरूच होत नाही. कंपायलर ई०००४ या क्रमांकाची एरर देतो आणि नाव घेऊन सांगतो: इक्वल राहिलं. अजून कुणी खेळलेलं नाही, एकही आकडा टाइप झालेला नाही. तरी जिंकण्याचा क्षणच कोडमधून निसटलाय, हे त्याला नुसतं वाचून कळलं!

कसं? कंपायलर आपल्या ओळींच्या खाली ‘काहीही चालेल’ अशी स्वतःची एक ओळ जोडून बघतो आणि विचारतो: वरच्या सगळ्यांना चुकवून इथवर पोहोचेल असं काही उरलंय का? नसेल तर काम पुरं. असेल तर तेच तो आपल्यापुढे ठेवतो. ल्यूक मारांजे या फ्रेंच संशोधकाने २००७ साली ही पद्धत सविस्तर मांडली आणि रस्टची तपासणी तिच्यावरच बेतलेली आहे. दोन तुलनांची जोडी घ्या, शक्यता होतात ९. त्यातल्या ८ लिहा. नववी कुठली, ते तो बरोबर सांगतो.

सी भाषेत मात्र एनम आतून पूर्णांकच. तीन पर्यायांच्या एनममध्ये ७ कोंबला तरी चालून जातं, आणि तिथल्या मॅचसारख्या ‘स्विच’ या रचनेत एखादा पर्याय सुटला तर फार तर इशारा मिळतो.

रस्टमध्येही एक पळवाट आहे. शेवटी अंडरस्कोर टाकून ‘बाकी सगळं’ अशी ओळ लिहिली की ही चौकशी थांबते. उद्या आपल्याच एनममध्ये नवा पर्याय आला, तर तो मुकाट्याने त्या ओळीत जाऊन बसतो. तेच सगळे पर्याय नावानिशी लिहिलेले असले, तर कंपायलर कोडभर फिरून भर घालायची एकेक जागा दाखवतो. म्हणून ती ओळ लिहायला माझा हात धजत नाही.

आणि मला सर्वांत भुरळ घालतो तो एकही पर्याय नसलेला एनम. तोही लिहिता येतो. त्या टाइपची किंमत कधी जन्मालाच येऊ शकत नाही. त्यावरच्या मॅचमध्ये काहीच लिहायचं नसतं, नुसता रिकामा महिरपी कंस. कंपायलर त्यातही राहिलेलं काही आहे का ते शोधतो, त्याला काही सापडत नाही आणि प्रोग्राम पुढे जातो.